हवापालट कोणासाठीं?

वैशाखाचें ऊन तापूं लागलें, शाळांचे निकाल हातीं आले आणि माठांतल्या पाण्यांत वाळ्याची जुडी पडली, कीं घरोघर एकच प्रश्न निघतो : यंदा सुट्टींत जावयाचें कोठें ? आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचीं घरें भरलेलीं आहेत. आजी-आजोबांपासून रांगत्या नातवापर्यंत सर्वांना मानवेल अशी जागा, सर्वांना साधेल अशी रजा आणि सर्वांना पुरेल असा पैसा यांचा मेळ घालतां घालतां कर्त्या पुरुषास घाम फुटतो. त्या प्रश्नाचें उत्तर आज आम्ही देणार नाहीं. त्याच्या आधीं विचारावयाचा जो दुसरा प्रश्न, तो आम्हांला फार उशिरा सुचला. तो कसा सुचला एवढेंच आज सांगावयाचें आहे.

आमचें घर चिंचवडास, मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून हांकेच्या अंतरावर. वडील सांगत, कीं त्यांच्या तरुणपणीं स्टेशनापलीकडे बाजरीचीं शेतें होतीं. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलीनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत कांद्याच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध असलेलें चाकणही मोटारींच्या कारखान्यांचें गांव झालें. घरांत आम्ही बारा माणसें : ऐंशीच्या उंबरठ्यावर आलेल्या मातोश्री, आम्ही उभयतां, धाकटे बंधू व भावजय, आमचा मुलगा, आमचा पुतण्या, त्या दोघांच्या बायका आणि तीन नातवंडें. मुलगा चाकणच्या एका कारखान्यांत यंत्रांच्या देखभालीवर आहे. पुतण्याचें भोसरीस लहानसें वर्कशॉप आहे. थोरली सून शाळेंत शिकविते, धाकटी हिंजवडीस संगणकाच्या कचेरींत जाते. एकाची सुट्टी गुरुवारीं, दुसऱ्याची रविवारीं, तिसरीची शनिवारीं आणि रविवारीं. बारा माणसें एका पंक्तीस बसण्याचा योग सणावारींच यावयाचा.

२०२० व २०२१ हे दोन उन्हाळे महामारीमुळें दाराआड गेले. २०२२ सालीं मुलाच्या कारखान्याचा वार्षिक शटडाऊन मेच्या अखेरीस ठरला, आणि सर्वांनीं मिळून कोठें तरी लांब जावयाचें असें आम्हीं जाहीर केलें. लोणावळें आमच्या अंगणांतलेंच. महाबळेश्वर आणि माथेरान सर्वांचीं पाहिलेलीं. धाकट्या नातवानें दूरचित्रवाणीवर पायांस लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरत जाणारीं माणसें पाहिलीं होतीं, त्यानें हट्ट धरला. या खेळाचीं जीं थोडीं ठिकाणें आपल्या देशांत आहेत, काश्मिरांत गुलमर्ग, उत्तराखंडांत औली, हिमाचल प्रदेशांत सोलंग, त्यांपैकीं सोलंग आम्हीं निवडलें. मनालीपासून तें सुमारें तेरा किलोमीटरवर आहे.

जागा पाहतांना आम्हीं एकच अट घातली होती : स्वयंपाकघर हवें. मातोश्रींना बाहेरचें अन्न चालत नाहीं, मुलांना तिखट सोसत नाहीं, आणि बारा माणसांचा खाणावळीचा खर्च परवडत नाहीं, अशीं तीन सबळ कारणें आम्हीं दिलीं. सोलंगच्या अलीकडे एका खेड्यांत दगड-लाकडाच्या जुन्या घराचा वरचा मजला मिळाला. मग घरांत पंधरा दिवस नुसती धांदल उडाली. भाजणी, मेतकूट, लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळ्या, दशम्या, लोणच्याच्या बरण्या. शिवाय कुकर, विजेची शेगडी, आणि वर्तमानपत्रांत गुंडाळलेलें पोळपाट-लाटणें. पुरुषांनीं तिकिटें काढलीं आणि नकाशे पाहिले. निघण्याच्या आदल्या रात्रीं पेट्या मोजल्या, तेव्हां कपड्यांच्या पांच आणि स्वयंपाकाच्या सहा भरल्या. आम्हीं तो विनोदाचा विषय केला. त्यांत हंसण्यासारखें कांहीं नव्हतें, हें पुढें समजलें.

पुण्याहून झेलम एक्स्प्रेसनें अंबाल्यास उतरलों, तेथून मोटारीनें मंडीवरून कुलूच्या खोऱ्यांत शिरलों. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार मीटर उंच, सोलंग त्याहून चारपांचशें मीटरांनीं वर. पहांटे खिडकी उघडली तर समोर देवदारांची रांग, त्यांच्या मागें पांढरीं शिखरें, आणि खालीं वितळलेल्या बर्फाचा खळखळता नाला. नातू मात्र हिरमुसला. हिंवाळ्यांत ज्या उतारावर बर्फ असतो आणि मनालीची १९६१ सालीं निघालेली गिर्यारोहण-संस्था ज्यावर शिष्यांना स्कीइंग शिकविते, तो उतार मेच्या अखेरीस हिरवा गार असतो. त्यावर घोडीं फिरतात, मोठमोठ्या पारदर्शक चेंडूंत बसून पोरें गडगडत खालीं येतात, रंगीत छत्र्या लावून हौशी लोक हवेंत तरंगतात. बर्फ पाहावयाचा तर मान वर करून. "मग उन्हाळ्यांत हा डोंगर काय करतो ?" असें नातवानें विचारलें. आमचा मुलगा सहज म्हणाला, "त्याचाही शटडाऊन चालू आहे. बर्फ गेला, गवत आलें, जमीन विसांवा घेते आहे. विसांवा घेतला नाहीं तर पुढच्या हंगामांत धरणार काय ?" आम्ही सारे हंसलों आणि फिरावयास निघालों.

सारे म्हणजे कोण, हें सांगितलें पाहिजे. आम्ही, बंधु, मुलगा, पुतण्या आणि नातवंडें. सौभाग्यवती, भावजय व सुना मागून येणार होत्या, "जरा आटोपून". पहिल्या दिवशीं त्या आल्या तों ऊन कलतें झालें होतें. दुसऱ्या दिवशीं आल्याच नाहींत. पाणी उशिरां आलें, आणि त्या उंचीवर डाळ शिजावयास आपल्याकडच्यापेक्षां वेळ लागतो. तिसऱ्या दिवशीं आम्ही दोरीच्या पाळण्यांतून वरच्या कुरणावर जाऊन आलों आणि रात्रीं पिठलें-भातावर ताव मारीत त्याचें वर्णन केलें. त्यांनीं तें कौतुकानें ऐकलें, आणि वाढतां वाढतां "अजून थोडा घ्या ना" म्हणाल्या. आमच्या मनाला कोठेंही टोंचलें नाहीं.

चौथ्या दिवशीं रोहतांगच्या खिंडीचा बेत होता. ती खिंड ३,९७८ मीटर उंच, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या सुमारें तिप्पट. तेथें जाणाऱ्या वाहनांची रोजची संख्या राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानें मर्यादित आहे, परवाना आगाऊ काढावा लागतो. तो मोठ्या मिनतवारीनें मिळाला होता. पहांटे पांचला निघावयाचें, म्हणून थोरली सून तीन वाजतांच उठली. बारा जणांच्या पोळ्या, बटाट्याची भाजी, दहीभात, मातोश्रींसाठीं मऊ खिचडी. सर्वांचें चहापाणी झालें, आणि तिचा स्वतःचा चहा मात्र ओट्यावर निवून गेला. मढीच्या अलीकडे, घाटाच्या वळणांवर, तिनें डोकें धरलें. मग वांती झाली. गाडी थांबवून तिला खालीं उतरविलें, तों तिचे ओठ पांढरे पडलेले आणि हात बर्फासारखे गार. ती म्हणाली, "तुम्ही सगळे वर जाऊन या, मी गाडींत पडून राहीन." तिचें हें बोलणें आम्हांला आजही विसरतां येत नाहीं, कारण क्षणभर, वाचकहो, अगदीं क्षणभर, तसें करावें असा विचार आमच्या मनांत आला होता. परवान्याचें कागद आमच्या खिशांत होते.

मुलानें गाडी वळविली. मनालीस एका डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं नाडी पाहिली, बोटाला यंत्र लावून प्राणवायूचें प्रमाण पाहिलें, आणि विचारलें, "आज काय खाल्लें ? पाणी किती प्यालांत ? झोंप किती झाली ?" उत्तरें ऐकून ते म्हणाले, "उंचीचा त्रास आहे, पण तो थोडा. मुख्य आजार थकव्याचा आहे." मग त्यांनीं जें समजावून दिलें तें डोंगरांत जाणाऱ्या प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावें. चार हजार मीटरांवर दर श्वासास समुद्रकांठच्या साठ-बासष्ट टक्केच प्राणवायु मिळतो. तेथें माणूस तरुण कीं म्हातारा यापेक्षां तो किती सांवकाश चढला, यावर अधिक अवलंबून असतें. तीन हजार मीटरांच्या वर मुक्काम करावयाचा, तर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षां पांचशें मीटरांहून अधिक उंच नसावा. पाणी भरपूर प्यावें, पोट रिकामें ठेवूं नये, पहिले दोन दिवस धांवपळ करूं नये. डोकें दुखूं लागलें, मळमळूं लागलें, तर वर चढणें थांबवावें. उतार पडला नाहीं, किंवा श्वास लागला, चाल अडखळूं लागली, तर ताबडतोब खालीं यावें. खालीं येणें हेंच पहिलें औषध. आमच्या सुनेनें यांपैकीं एकही नियम पाळला नव्हता. पाळण्यास तिला सवडच नव्हती. आम्ही हवापालटास आलों होतों, ती नव्हती. तिची फक्त चूल पालटली होती.

सायंकाळीं घरमालकीणबाई विचारपूस करावयास वर आल्या. पाठीवर गवतानें भरलेली किल्टा नांवाची वेताची उंच टोपली तशीच होती. स्वयंपाकघरांतल्या पेट्या, बरण्या आणि चार बायका पाहून त्या आपल्या हिंदींत नवलानें म्हणाल्या, "एवढ्या लांब तुम्ही पोळ्या लाटावयास आलांत ? त्या तर घरींही लाटतां आल्या असत्या." आम्हीं सवयीप्रमाणें मातोश्रींच्या सोंवळ्याकडे बोट दाखविलें.

मातोश्री सुनेच्या उशाशीं बसल्या होत्या. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "माझें नांव पुढें करूं नकोस. मला काय चालतें तें तूं मला कधीं विचारलेंस ?" आम्ही गप्प. मग त्यांनीं आजवर कधीं न सांगितलेली गोष्ट सांगितली. १९६५ सालीं, लग्नानंतर तिसऱ्या वर्षीं, सासर-माहेरचीं मिळून चौदा माणसें महाबळेश्वरीं आठ दिवस राहिलीं होतीं. रोज सायंकाळीं सर्वजण मुंबई पॉइंटावर सूर्यास्त पाहावयास जात. "मी आठही दिवस तो सूर्यास्त स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाहिला. समोरच्या कौलांवरून तांबडें ऊन आंत येई, तें भिंतीवर चढून विझलें कीं मला कळे, आतां मंडळी परततील, आतां भाताखालीं जाळ करावा. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांच्याही ध्यानांत आलें नाहीं. आज माझ्या ध्यानांत आलें नाहीं, आणि हिला भोंवळ आली." एवढें बोलून त्यांनीं घरमालकीणबाईंस विचारलें, "तुमच्या घरीं रोज काय शिजतें ? मला उद्यांपासून तेंच वाढा."

दुसऱ्या दिवसापासून वरचें स्वयंपाकघर बंद झालें. बाईंच्या घरीं बारा ताटांची सोय लागली. पैसे ठरले ते त्यांनींच सांगितले तेवढे. येथें एक शंका वाचकांच्या मनांत येईल, ती आमच्याही आली : चार बायकांचें ओझें पांचवीच्या डोक्यावर टाकलें, यांत न्याय कोणता ? आम्हीं ती बाईंपाशीं बोलून दाखविली. त्या हंसल्या. गुरें, सफरचंदाची बाग, गवत, लांकूडफांटा हें सारें त्यांनाही चुकलेलें नाहीं. हिंवाळ्यांत दाराशीं बर्फ साचतो तेव्हां त्या मागावर पट्टू विणतात. तेंही कामच, पण बसून. "मात्र या कामाचे मला पैसे मिळतात," असें त्या म्हणाल्या. आमच्या घरच्या बायकांना ते मिळत नव्हते, आणि सुट्टीही मिळत नव्हती. बाईंचा भार हलका व्हावा म्हणून भांडीं घासण्याचें काम आम्हां पुरुषांकडे आलें. त्यांतलें आमचें नैपुण्य पाहून बाईंनीं एकदां सगळीं भांडीं पुन्हां घासलीं, ही गोष्टही प्रामाणिकपणें नमूद करतों.

सर्वच गोडीगुलाबीनें झालें असें नाहीं. भावजयींना पहिले दोन दिवस हात रिकामे राहिले म्हणून चैनच पडेना. त्या उगीच मुलांचे कपडे पुन्हां पुन्हां घडी करीत. एका नातीस राजमा बाधला. सौभाग्यवतींना चहा मनासारखा मिळेना. पण तिसऱ्या दिवशीं बाईंनीं सिड्डू केले. कणीक आंबवून, आंत अक्रोडाचें सारण भरून उकडलेला हा पदार्थ तुपाबरोबर खातात. मातोश्रींनीं एक घांस घेतला आणि म्हणाल्या, "हीं तर आपलीं नागपंचमीचीं दिंडें !" त्यानंतर सोंवळ्याचें नांव कोणीं काढलें नाहीं.

थोरल्या सुनेला बरें वाटल्यावर आम्ही सर्वजण, प्रथमच बाराही, सोलंगच्या उतारावर गेलों. तिनें शाल अंथरली, आणि ती उन्हांत जी झोंपली ती दोन तास. शेजारून गद्दी धनगरांचा मेंढ्यांचा कळप वरच्या कुरणांकडे चालला होता. हिंवाळा खालच्या खोऱ्यांत काढून दर उन्हाळ्यांत ते वर जातात. घंटांचा नाद, कुत्र्यांचें भुंकणें, मुलांचा कालवा, कशानेंही ती जागी झाली नाहीं. आम्हीं तिला दहा वर्षांत दिवसा झोंपलेली कधीं पाहिली नव्हती.

परतण्याच्या आदल्या दिवशीं मनालीस ढुंगरीच्या देवदारवनांत हिडिंबेचें देऊळ पाहिलें. हें लाकडी देऊळ १५५३ सालचें, राजा बहादुरसिंहानें बांधविलेलें. पांडवांच्या घरची पहिली सून ही हिडिंबा. पण द्रौपदीचें स्वयंवर, इंद्रप्रस्थाचें वैभव यांत तिचें नांव नाहीं. ती वनांतच राहिली, आणि घटोत्कचास वाढवून तिनें कुरुक्षेत्रासाठीं दिला. महाभारतांत तिला जो मान मिळाला नाहीं, तो कुलूच्या लोकांनीं दिला आहे. राजघराणें तिला आजी मानतें, आणि कुलूचा प्रसिद्ध दसरा ती आल्यावांचून सुरू होत नाहीं. मातोश्रींनीं हें सारें लक्षपूर्वक ऐकलें, ओटींतलें नारळ-तांदूळ वाहिले, आणि थोरल्या सुनेचा हात धरून पायऱ्या उतरल्या.

परतीच्या गाडींत मुलगा बोलला तें आम्हीं टिपून ठेवलें आहे. "कारखान्यांत आम्ही वर्षांतून एकदां सगळें थांबवितों. त्या वेळीं मालाची मागणी असते, तरी थांबवितों. कारण न थांबतां चालविलेलें यंत्र आपण निवडलेल्या दिवशीं बंद पडत नाहीं, त्याच्या मनाला येईल त्या दिवशीं पडतें. मी पंधरा वर्षें हें लोकांना शिकवितों. घरचें यंत्र कधीं थांबतच नाहीं, हें मला मढीच्या घाटांत दिसलें."

तेव्हांपासून आमच्या घरीं दोन नियम झाले. वर्षांतून आठ दिवस घरची चूल पूर्ण बंद, मग आम्ही सोलंगास असों वा चिंचवडास. आणि दर आठवड्यास एका रात्रीचा स्वयंपाक पुरुषांकडे. आमच्या खिचडीबद्दल घरांत दोन मतें आहेत, पण नियम टिकला आहे.

पुढल्याच वर्षीं, जुलै २०२३ मध्यें, बियासेला भयंकर पूर आला. मनालीचे रस्ते तुटले, कांठावरचीं घरें वाहून गेलीं. दोन दिवस बाईंचा फोन लागेना. लागला तेव्हां त्या सुखरूप होत्या. खालच्या बागेचा तुकडा तेवढा नाल्यानें नेला होता. मातोश्रींनीं पहिला प्रश्न केला तो, "तुम्ही जेवलांत का ?" बाई पलीकडून हंसल्याचें आम्हांलाही ऐकूं आलें.

यंदाही आपल्या घरीं नकाशे उलगडले जातील, कोणी डोंगर म्हणेल, कोणी समुद्र. जागा कोणतीही निवडा. परंतु तिकिटें काढण्यापूर्वीं घरांत जी सर्वांत आधीं उठते आणि सर्वांच्या मागून निजते, तिला जवळ बोलावून एवढें विचारा, कीं त्या आठ दिवसांत तिला काय करावेंसें वाटत नाहीं. उत्तर मिळावयास वेळ लागेल, कारण हा प्रश्न तिला बहुधा कोणीं विचारलेला नसतो. थांबा, तें उत्तर ऐका, आणि मग पेट्या बांधा.